स्तोयान म्हणजे 'राहा'

बल्गेरियन भाषेत 'स्तोया' म्हणजे मी उभा आहे, मी थांबलो आहे. स्तोयान हे नाव याच धातूतून आलं. आज ते चारचौघांतल्या नावासारखं वाटतं, पण त्याच्या मुळाशी पाळण्याजवळ जागत बसलेल्या आईबापांची भीती आहे. घरात एकामागून एक मुलं दगावत असली की पुढच्या बाळाचं नाव स्तोयान ठेवायचे. राहा रे बाळा, तू तरी राहा. मुलगी झाली तर स्तोयांका. याच भीतीतून आलेली आणखीही नावं बल्गेरियात आहेत. झाप्र्यान, म्हणजे मरणाची रांग थांबवणारा. झिव्को, म्हणजे जिवंत राहो. झ्द्राव्को, म्हणजे धडधाकट राहो. व्ल्को म्हणजे लांडगा. लांडग्याच्या नावाला आजारपण बिचकतं, अशी समजूत.

आपल्याकडचे धोंडू आणि दगडू याच वाटेने आले, त्यामुळे मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. थोडा फरक मात्र आहे. आपण पोराला दगडाधोंड्याचं नाव देऊन काळाच्या नजरेआड करत होतो. हे काही न्यावं असं नाही, असं त्याला भासवत होतो. बल्गेरियन आईबाप काळाशी बोलतच नाहीत. ते पोरालाच विनवतात.

म्हणून मला ठामपणे वाटतं, की नाव ठेवण्याचा हक्क ज्याचा जीव त्या बाळात अडकलेला असतो त्याचाच असतो. मोठेपणी तो हक्क त्या बाळाचा होतो. सरकारने नाव नोंदवहीत उतरवून घ्यावं आणि तिथेच थांबावं. बल्गेरियाच्या सरकारांनी हे साधं तत्त्व विसाव्या शतकात एकदा नव्हे, अनेकदा मोडलं. मोडताना जी नावं वापरली ती स्तोयानसारखीच होती: जुनी, मायेची, पिढ्यान् पिढ्या घरात वागवलेली.

आधी या नावाने काय काय कमावलं ते पाहू. चिरपान गावचा स्तोयान झाइमोव्ह ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्धच्या 1876 च्या एप्रिल उठावाच्या आखणीत होता. अशा संघटकांना बल्गेरियात 'अपोस्तल', म्हणजे प्रेषित, म्हणतात, आणि तो शब्द तिथे फार जपून वापरतात. स्तोयान दानेव्ह 1913 मध्ये, दुसरं बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा, पंतप्रधान होता. स्तोयान गानेव्ह 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष झाला. आडनावांत तर हे नाव सगळीकडे पसरलेलं आहे. स्तोयानोव्ह, स्तोइलोव्ह, स्तोइच्कोव्ह ही सगळी त्याचीच पिलावळ. 1994 च्या विश्वचषकात सहा गोल करून बल्गेरियाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणाऱ्या ख्रिस्तो स्तोइच्कोव्हच्या आडनावातही कुठल्या तरी जुन्या आईने आपल्या पोराला घातलेली ती विनवणी आहे.

झाहारी स्तोयानोव्हची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. 1850 मध्ये मेद्वेन गावात जन्मलेला हा मुलगा मेंढ्या राखायचा. जन्मनाव जेंदो, बापाचं नाव स्तोयान. पुढे तो क्रांतिकारकांत गेला, एप्रिल उठावात लढला, त्या उठावाच्या आठवणी लिहून बल्गेरियन गद्याचा एक पाया घातला आणि राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला. वाटेत त्याने जेंदो हे नाव सोडून झाहारी घेतलं आणि बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं. म्हणजे नाव बदलणं हे मुळात वाईट नाही. माणूस स्वतःचं नाव बदलतो तेव्हा तो आयुष्याला वळण देत असतो. झाहारीने काय टाकायचं ते स्वतः ठरवलं, आणि काय ठेवायचं तेही. ठेवलं ते बापाचं नाव.

बापाचं नाव तिथे इतकं महत्त्वाचं का, हे आपल्याला पटकन कळतं. बल्गेरियन माणसाचं नाव आपल्यासारखंच तीन पदरी: स्वतःचं, बापाचं, घराण्याचं. शिवाय नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची तिथे जुनी रीत. स्तोयानचा मुलगा पेतर, पेतरचा मुलगा पुन्हा स्तोयान. म्हणजे एका माणसाच्या नावाला हात लावला की तीन पिढ्यांना धक्का बसतो.

तो धक्का 1984 च्या डिसेंबरात बसला. तोदोर झिव्कोव्हच्या कम्युनिस्ट सरकारने ठरवलं, की देशात तुर्क असे नाहीतच. आहेत ते ऑटोमन काळात धर्म बदललेले बल्गेरियनच, आणि आता ते आपली मूळ नावं 'स्वखुशीने' परत घेत आहेत. सुरुवात दक्षिणेतल्या कर्जाली भागातून झाली. कडाक्याच्या थंडीत गावांना वेढे पडले. मिलिशिया, म्हणजे तेव्हाचे पोलीस, आणि सैन्याचे लोक, सोबत नगरपालिकेचे कारकून. टेबलावर अर्जाचे कागद आणि बल्गेरियन नावांची यादी. यादीतलं एक नाव निवडा, सही करा. जो निवडणार नाही त्याच्यासाठी कारकूनच निवडणार. अनेकांनी निदान पहिलं अक्षर तरी टिकावं म्हणून शोधून शोधून त्याच अक्षराचं नाव घेतलं. काही महिन्यांत सुमारे आठ लाख माणसांची नावं बदलली.

तेवढ्यावर थांबलं नाही. तीन पदरी नावात बापाचं नाव येतं, म्हणून वारलेल्या बापाचं नावही दप्तरात बदललं गेलं. थडग्यांवरची तुर्की नावं खरवडून काढली. रस्त्यावर, दुकानात तुर्की बोलणाऱ्याला दंड होऊ लागला. विरोध करणाऱ्यांपैकी पाचशेहून अधिक जणांना डॅन्यूब नदीतल्या बेलेने बेटावरच्या छावणीत डांबलं. 26 डिसेंबर 1984 रोजी मोगिल्याने गावात जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यात सतरा महिन्यांची त्युर्कान मारली गेली. तिच्या नावाचा पाणवठा आज तिथे आहे, दरवर्षी डिसेंबरात लोक तिथे जमतात. तिच्या मृत्यूचा दुसरा दिवस 27 डिसेंबर, म्हणजे स्तेफानोव्ह्देन. बल्गेरियात ज्या दिवशी स्तेफान आणि स्तोयान नावाच्या माणसांना घरी जाऊन शुभेच्छा देतात, तो दिवस. 'राहा' अशा अर्थाच्या नावाचा सण शेजारच्या गावांत साजरा होत असताना डोंगरातल्या एका घरात बाळ राहिलेलं नव्हतं. मी ही दोन टोकं जोडतो आहे ती कुणा स्तोयानला दोष देण्यासाठी नाही. नावामागची माया आणि नावामागची बंदूक या किती वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ही मोहीम राबवणाऱ्या गृहमंत्र्याचं नाव दिमितर स्तोयानोव्ह. सर्वेसर्वा होता झिव्कोव्ह, म्हणजे झिव्कोचा, 'जिवंत राहो'चा वंशज. दोघांच्याही आडनावांत कुणा पूर्वजाच्या आईबापांची प्रार्थना होती, आणि ती त्यांना वारशाने मिळाली होती. तसाच वारसा अहमद आणि फातमा या नावांतही आहे, हे त्यांना दिसलं नाही की दिसूनही चाललं, हे मला कळत नाही.

या मोहिमेला नाव दिलं होतं 'व्झ्रोदितेलेन प्रोत्सेस', पुनरुत्थानाची प्रक्रिया. या शब्दाची निवड मला सगळ्यात जास्त टोचते. बल्गेरियन माणसाला 'पुनरुत्थान' हा शब्द शाळेत असल्यापासून ओळखीचा आहे. दर 24 मे रोजी, सिरिल आणि मेथोडियस या लिपीच्या जनकांच्या दिवशी, शाळेची मुलं रस्त्यावरून एक गीत गात जातात. त्याच्या पहिल्याच ओळीत जनतेला 'पुनर्जन्म पावलेली' म्हणून साद घातली आहे. ते गीत 1892 मध्ये लिहिणारा कवी होता स्तोयान मिखायलोव्स्की. सत्ताधाऱ्यांवर झोंबणारं लेखन करणारा हा माणूस. त्याच्या गीतातलं पुनरुत्थान शाळा, अक्षर आणि पुस्तकातून येणारं आहे. त्यात कुणाचं काही काढून घेणं नाही. तोच शब्द उचलून वेढे घालण्याला लावला, तेव्हा तुर्कांच्या नावांबरोबर बल्गेरियनांच्या एका चांगल्या शब्दावरही दरोडा पडला. आज तो शब्द एका अर्थी उच्चारला की दुसरा अर्थ मागून येऊन उभा राहतो.

हे सगळं कम्युनिस्टांचं पाप, असं म्हणून बल्गेरियात पुष्कळ लोक हात झटकतात. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण पोमाक लोक आहेत. पोमाक म्हणजे बल्गेरियन बोलणारे मुसलमान, मुख्यतः रोडोप डोंगरातले. 1912-13 च्या बाल्कन युद्धात त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती करून बल्गेरियन नावं दिली गेली. तेव्हा राजेशाही होती. लगेच पुढच्या सरकारने ती नावं परत केली. 1942 मध्ये, राजेशाहीतच, कायदा करून ती पुन्हा बदलली. 1945 मध्ये पुन्हा परत. 1964 मध्ये रिब्नोवो गावाने नावं बदलायला आलेल्यांना पिटाळून लावलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. सत्तरीच्या दशकात मोहीम परत आली. 1973 मध्ये कोर्नित्सा गावात विरोध मोडताना माणसं मारली गेली. 1990 नंतर नावं परत घेण्याची मुभा मिळाली. 1905 मध्ये जन्मलेली एखादी पोमाक बाई पंच्याऐंशी वर्षं जगली असेल, तर तिचं कागदावरचं नाव किती वेळा बदललं असेल ते मोजून पाहा. राजा गेला, पक्ष आला, पक्षही गेला. झेंडे बदलले तरी दारावर येणारी वही तीच राहिली.

विरोधी बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो मी हलक्यात घेत नाही. बल्गेरियन लोक जवळजवळ पाच शतकं ऑटोमन सत्तेखाली होते. त्या काळात लोकांचे धर्म बदलले, काहींचे सक्तीने. मग सक्तीने गेलेलं परत आणलं तर बिघडलं काय? पण बल्गेरियनांनी स्वतःची हरवलेली नावं परत कशी आणली ते पाहा. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन राजांची नावं, आसेन, बोरिस, सिमेऑन, क्रुम, पुन्हा घरात येऊ लागली. शिक्षकांनी जुना इतिहास शोधून सांगितला, आईबापांना तो आवडला, आणि त्यांनी पाळण्यात ती नावं घातली. यासाठी एकाही शिपायाची गरज पडली नाही. परंपरा अशीच परत येते. खरोखर कुणी पोमाक किंवा तुर्क घर आपल्या मुलाला स्तोयान म्हणू इच्छित असेल, तर ते त्याच्याच पाळण्याजवळ ठरू द्यावं. आणि पणजोबांच्या पणजोबांवर झालेली सक्ती आठवून आज पणतूवर सक्ती करायची, तर सक्तीचा हिशेब कधीच मिटणार नाही.

दुसरा मुद्दा एकीचा. एकसारखी नावं असली की देश एकजीव होतो, असं सांगितलं गेलं. घडलं ते उलटंच. 1989 च्या जूनमध्ये सीमा उघडली आणि ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसं तुर्कस्तानात निघून गेली. पर्यटक म्हणून पासपोर्ट दिले होते, म्हणून लोक त्याला 'मोठी सहल' म्हणतात. मोटारींच्या टपांवर गाद्या, शिलाई यंत्रं, दारं-खिडक्या. मागे शेतात तंबाखू उभी. बरेच जण पुढे परतले, पुष्कळ परतलेच नाहीत. 'राहा' असं सांगणारी नावं माथी मारली, आणि त्या नावांचे पासपोर्ट घेऊन माणसं देश सोडून गेली.

नईम सुलेमानोव्ह त्यांच्याही आधी गेला. 1967 मध्ये कर्जाली भागातल्या प्तिचार गावात जन्मलेला, उंची पाच फुटांच्या आत, आणि पंधरा-सोळाव्या वर्षापासून वजन उचलण्याचे विश्वविक्रम करणारा. त्याला नाव दिलं नाऊम शालामानोव्ह. नाऊम हे नाव काही ऐरंगैरं नाही. ओख्रिडचा संत नाऊम हा सिरिल आणि मेथोडियस यांचा शिष्य, स्लाव्ह साक्षरतेचा एक मोठा शिल्पकार. पण इतकं थोर नावही परक्याच्या हाताने गळ्यात पडलं की साखळी होते. डिसेंबर 1986 मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेनंतर नईमने पळ काढला आणि तुर्कस्तान गाठलं. सोलच्या ऑलिंपिकमध्ये त्याने तुर्कस्तानसाठी उतरावं याकरिता तुर्कस्तानने बल्गेरियाला मोठी रक्कम मोजली. 1988 मध्ये साठ किलो गटात त्याने क्लीन अँड जर्कमध्ये 190 किलो डोक्यावर धरले. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट, वर आणखी दहा किलो. पुढे 1992 आणि 1996 मध्येही सुवर्णपदक. स्तोइच्कोव्ह त्याच्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा. एकाच देशात, एकाच काळात वाढलेली ही दोन पोरं. एकाचं आडनाव जगभरच्या मैदानांत गाजलं तेव्हा बल्गेरियाची छाती फुगली. दुसऱ्याला आपलं नाव वाचवायला बल्गेरिया सोडावा लागला.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की तुर्कस्तानात पोचल्यावर त्याचं आडनाव सुलेमानोग्लू झालं. तुर्कस्तानच्या 1934 च्या आडनाव कायद्यानुसार 'ओव्ह'सारखे परके प्रत्यय चालत नव्हते. नईमने ते आनंदाने घेतलं असेल, आणि ते त्याचं स्वातंत्र्य. पण लोकांनी कोणते प्रत्यय लावावेत हे ठरवण्याची खोड कुठल्या एकाच देशाची नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

10 नोव्हेंबर 1989 रोजी झिव्कोव्ह पडला. मार्च 1990 मध्ये नावं परत घेण्याचा कायदा आला. 11 जानेवारी 2012 रोजी बल्गेरियाच्या राष्ट्रीय सभेने ठराव करून या सक्तीचा निषेध केला आणि 1989 च्या हकालपट्टीला वांशिक निर्मूलनाचा प्रकार म्हटलं. संसदेने स्वतःच्या देशाबद्दल असं म्हणायला धैर्य लागतं, आणि मी त्याचा मनापासून आदर करतो. आजचा नागरी नोंदणी कायदाही आडनावाच्या 'ओव्ह-एव्ह'ला घराण्याच्या, वंशाच्या किंवा धर्माच्या परंपरेनुसार अपवाद ठेवतो. हे चांगलंच झालं. पण मोहिमेच्या मुख्य खटल्यात, ज्यात झिव्कोव्ह आणि त्याचा गृहमंत्रीही आरोपी होते, कुणालाही शिक्षा झाली नाही. वर्षं गेली, आरोपी एकेक करून वारले.

आणि नोंदवह्यांचं काय? 1990 च्या कायद्याने नाव परत मिळालं, पण अर्ज केला तर. माझी हरकत इथे आहे. नाव बदलताना अर्जाचा कागद सरकार स्वतः घेऊन दारात आलं होतं. परत करताना मात्र माणसाने सरकारच्या दारात जायचं. जिवंत माणसाच्या बाबतीत अर्जाला मी नको म्हणणार नाही. काहींनी, विशेषतः पोमाक आणि रोमा (जिप्सी) लोकांपैकी, बल्गेरियन नाव तसंच ठेवलं. कुणी नोकरीसाठी, कुणी सवयीने, कुणी ते आता आपलंच वाटतं म्हणून. त्यांच्या वतीने सरकारने परत जुनं नाव लावलं तर ती पुन्हा तीच जबरदस्ती होईल. पण जे 1984 ते 1990 या दरम्यान वारले, आणि ज्यांच्या वारलेल्या बापांची नावं त्यांच्या मागे बदलली, ते कुठे अर्ज करणार? त्यांची मुलं इस्तंबूलला, बुर्साला, जर्मनीला. काहींची मुलंच नाहीत.

माझं मागणं म्हणून मोजकं आहे. जुनी नोंद खोडू नये, फाडू नये. तीही पुरावा आहे. ज्या ज्या पानावर त्या मोहिमांत नाव बदललं गेलं, मग ती 1942 ची असो, सत्तरीच्या दशकातली असो की 1984 ची, त्या पानाच्या समासात सरकारने स्वतः एक ओळ लिहावी: आईबापांनी ठेवलेलं नाव हे, आणि वरचं नाव अमुक तारखेला सक्तीने लिहिलं गेलं. खाली सही, शिक्का, तारीख. वह्या आहेत, कारकून आहेत, जुनी नावं दप्तरांत शोधावी लागतील. आणि ही ओळ लिहायला कुणाचा अर्ज मागू नये.